झोपाळ्यावरची दुर्बीण

"हलवून बघा," हे आमच्या जिन्यातल्या शेजाऱ्यांचं एकच म्हणणं. नारळ असो, प्लास्टिकची खुर्ची असो नाहीतर सोसायटीचं नवं गेट, आधी हलवायचं आणि मग बोलायचं. चाकणच्या एका कंपनीत ते तपासणी खात्यात होते. दिवसभर सुटे भाग नापास करून दिघीला परतले की आम्हाला तपासायला घेत. लेबलावर आणि गोड बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. असं एखादं माणूस तुमच्याही जिन्यात असेलच.

मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणजे संशय घेणं माझं कामच. त्यांच्याकडे कुरिअरची खोकी येऊन परत जाऊ लागली, तेव्हाच माझे कान टवकारले होते. मग एका रविवारी हे पन्नाशीचे गृहस्थ बागेतल्या पोरांच्या झोपाळ्यावर बसून मोठमोठे झोके घेताना दिसले, डोळ्यांना दुर्बीण लावून. समोर बायकांच्या गॅलऱ्या, मागे लष्कराची हद्द. कुठेही वळले तरी भानगडच.

लगेच झोपाळ्याशेजारी "मोठ्यांनी बसू नये" अशी पाटी लागली आणि जाब विचारायला अर्थात मला पाठवलं.

त्यांनी शांतपणे सांगितलं. रत्नागिरीकडे त्यांच्या थोरल्या भावाची मासेमारीची होडी होती. एक मोठा ट्रॉलर पार अंगावर येईपर्यंत त्याला दिसला नव्हता. धुकं होतं, असं भाऊ म्हणाला. त्याच्यासाठी परवडेल अशी दुर्बीण हवी होती आणि जो तो जास्तीत जास्त मोठं दाखवणारी गळ्यात मारत होता.

"गच्चीत उभं राहून सगळ्याच चांगल्या वाटतात, मॅडम. होडीवर हलल्याशिवाय कोण उभा राहतो?"

मी कसली ऐकते? स्वतःच झोपाळ्यावर बसले. बारापट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पलीकडच्या टाकीवरची अक्षरं नुसती नाचत होती, मळमळायला लागलं. सातपटीच्या, रुंद भिंगांच्या दुर्बिणीतून तीच अक्षरं लहान दिसली, पण वाचता आली. पाटीखाली झोके घेणारी सेक्रेटरी पाहून वॉचमन तोंड फिरवून हसला.

ती सातपटीची त्यांनी बादलीतही बुडवून पाहिली आणि मगच गावी पाठवली. झकास आहे, असा भावाचा फोन आला. त्यांना बरं वाटायचं सोडून संशय आला, कारण दादानं जन्मात कशाला झकास म्हटलं नव्हतं. दिवाळीला गेले तेव्हा त्याच्याबरोबर समुद्रात गेले आणि पुढच्या होडीवरचं नाव वाचायला सांगितलं. दादा बराच वेळ दुर्बीण लावून बसला आणि मग त्यानं भलतंच नाव सांगितलं.

परत आल्यावर ते मला जिन्यात भेटले. "दुर्बीण पास आहे," म्हणाले आणि कठडा उगाच हलवत राहिले. "साखरेनं डोळे खाल्ले दादाचे. डॉक्टर म्हणतो, आता सुधारणार न्हाईत. आणि तो होडी सोडत न्हाय."

मीही तो कठडा धरला.

त्यांनी नोकरी सोडली, घर भाड्यानं दिलं आणि दादाकडे गावी गेले. जिन्यात आता कठडा कुणी हलवत नाही.

परवा होडीवरून त्यांचा व्हिडिओ कॉल आला. किनारा जवळच दिसत होता. सुकाणू दादाच्या हातात, दुर्बीण त्यांच्या गळ्यात. न राहवून मी विचारलं, दादांना दिसतं का काही? उत्तर दादानंच दिलं.

"दिसतं ना. ह्यो सांगतो तेवढं समदं दिसतं. ते काय मी हलवून बघत न्हाय."

त्यांनी पटकन दुर्बीण डोळ्यांना लावली आणि समोर बघत राहिले. मग लाट आली असावी, कारण चित्र हललं आणि कॉल तुटला.