नाथानचा खोकला

नेदरलँड्समधल्या झ्वोला गावच्या डीना पोलाक यांना शाळांतून बोलावणी यायची. नाझींनी ज्यूंचा संहार केला, त्यातून आपण लहानपणी कशा वाचलो, हे त्या मुलांना सांगत. सांगून सांगून आता जीव शिणला होता. गुडघेही ऐकत नव्हते.

त्या हिवाळ्यात एका वर्गात त्या बोलत असताना मागून कुणीतरी 'स्स्स्' केलं. चार पोरं खिदळली. नाझींनी ज्यूंना ज्यात मारलं, त्या विषारी गॅसचा आवाज तो. फुटबॉलच्या मैदानात ज्यूंना डिवचायला काढतात, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी बोलणं पुरं केलं, पण घरी आल्यावर अंगातला कोटही न काढता खुर्चीत बसून राहिल्या.

पुढच्या वर्गाच्या दिवशी इतिहासाचे शिक्षक वाउटर त्यांना न्यायला आले.

"वाउटर, आज तू सांग."

"मी? अहो पोलाकबाई, गोष्ट तुमची!"

"इतक्यांदा ऐकलीस. का मागे बसून पेपर तपासत होतास?"

"तसं नाही हो. पण माझ्या तोंडी शोभेल का?"

"मी मेल्यावर कुणाच्या तोंडी शोभणार आहे? चल. मी नुसती बसते."

वर्गात वाउटर अडखळतच उभे राहिले आणि सांगू लागले. डीनाची आई दोन्ही लेकरं घेऊन एका शेतावर गेली. शेतकरीण माळ्यावर मुलं लपवायला तयार होती, पण धाकट्या नाथानला डांग्या खोकला. खाली आवाज गेला असता, तर सगळेच पकडले गेले असते. आईने डीनाला पुढे केलं आणि नाथानचं बोट धरून माघारी फिरली.

"खोकला नसता तर?" एका मुलीने विचारलं.

वाउटरनी बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. "त्यांनाही माहीत नाही."

तेवढ्यात मागून पुन्हा 'स्स्स्' आलं. वाउटरांचा चेहरा लालबुंद झाला. पण ते ओरडले नाहीत.

"हा आवाज कशाचा, ते आता सांगतो. पुढे ती दोघं पकडली गेली. नाथान त्या गॅसमध्येच गेला. आईच्या कडेवर."

मुलं मागे वळून बघू लागली. एक पोरगा तेवढा तोंड वाकडं करून हसत राहिला.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "बरं सांगितलंस. शेवटी घाई केलीस."

"पुढच्या महिन्यात याल ना?"

"बसायला येईन. जमलं तर."

गाडी नदीपाशी पोचायच्या आत त्यांना झोप लागली होती.