बुटांना कुणी हात लावला?

खुर्चीवर टेकण्याआधी ती खालून बघायची, ही त्याची जुनी खोड. दवाखाना असो, बँक असो, कुणाचं लग्न असो; आधी वाकायचा, खुर्चीच्या पोटाखालून हात फिरवायचा, मगच बसायचा. लोक तोंड फिरवून हसायचे. फौजेत असताना उमेदीची सगळी वर्षं त्यानं जमिनीत पुरलेले सुरुंग शोधण्यात घालवली होती. पालथं पडायचं, लांब सळई मातीत तिरकी खुपसायची, टोकाला काही लागलं की श्वास रोखायचा. गल्लीत त्याचं नाव सळईकाका पडलं ते त्यामुळंच. दहाची दहा बोटं शाबूत घेऊन तो निवृत्त झाला होता आणि त्याचं श्रेय संशयाला देत असे. "संशय हा माझा पगारी धंदा होता," तो सांगे. "पेन्शन त्याचीच खातोय."

त्या सकाळी तो उठून दाराशी आला आणि थबकला. त्याचे काळे बूट आरशासारखे चमकत होते.

दुसऱ्या कुठल्याही घरात यात विशेष काही नव्हतं. या घरात होतं. इथं फौजेत जाणारा माणूस तसं तोंडानं सांगत नसे. जायचं ठरलं की घरातल्या थोरल्याचे बूट पॉलिश करून दाराशी ठेवायचे. थोरल्यानं ते पायात घातले की परवानगी मिळाली. बाजूला सारले की विषय संपला. त्याचे वडील फौजेत टेलिफोनच्या तारा ओढायचे. त्यांचे बूट त्यानं असेच घासून ठेवले होते, आणि वडील काही न बोलता लेस बांधून बाजारात गेले होते. पुढे मुलानं त्याचे बूट घासले. मुलगा लष्करी रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर होता. डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळली, तो गाडीखाली अडकला आणि खाली नेईपर्यंत गेला. त्यानंतर म्हाताऱ्यानं बुटांना स्वतः ब्रश लावणंही सोडलं. त्याच्या मते ही परंपरा तिथंच संपली होती, आणि संपलेलीच बरी.

आता घरात तो, हॉस्पिटलात नर्स असलेली सून आणि नुकतंच कॉलेजात जाऊ लागलेली नात, एवढीच माणसं. आणि नेमकं आज दुपारी माजी सैनिकांची संघटना या घराचा सत्कार करणार होती. तीन पिढ्यांची सेवा म्हणून.

त्यानं एक बूट उचलला. वास घेतला, आत बोटं घालून बघितलं, तळव्याच्या कडेनं अंगठा फिरवला. शिवणीत एक पांढरा धागा अडकला होता. जाळीच्या बँडेजचा. सुनेच्या पिशवीत असली बँडेजं कायम पडलेली असत. म्हणजे पोरीनं बूट पुसायला आईच्या पिशवीत हात घातला. गेला महिनाभर ती सकाळी धावायला जात होती. केस कापून आली होती. तो जवळ आला की मोबाइल पालथा ठेवत होती. सळईच्या टोकाला काहीतरी टणक लागलं होतं.

"काय गं, हल्ली फार धावतेस?"

"वजन वाढलंय, आजोबा."

"कुणाचं? तू तर पंखा लावला तरी उडशील."

"तुम्ही परत सळई खुपसताय हं."

"केस का कापले?"

"उकडतं म्हणून!"

"आणि माझ्या बुटांना कुणी हात लावला?"

पोरीनं बुटांकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे. "मला काय माहीत?" उत्तर जरा जास्तच लवकर आलं. स्वयंपाकघरात सून डबा भरत होती. मान वर न करता ती म्हणाली, "छान दिसतायत, बाबा. आज घालाल ना?"

म्हणजे आईलाही फितवलंय, असं त्यानं मनात धरलं. मग बूट भिंतीकडे सारले, इस्त्रीचा कोट चढवला आणि पायात घरातल्या रबरी स्लिपर सरकवून तो वेळेआधीच सत्काराला निघाला.

सत्कार शाळेच्या सभागृहात होता. रंगमंचावर चार खुर्च्या मांडलेल्या. पहिल्यावर वडिलांचा फोटो, तिसऱ्यावर मुलाचा. मधली त्याची. चौथी रिकामी.

संघटनेचा अध्यक्ष फौजेच्या कोठारात कारकुनी करून निवृत्त झालेला, माइक हातात आला की ज्याला तो सोडवत नसे असा माणूस. तो धावत आला. "काका, अहो पायात काय हे?"

"पायांना हवा लागते. चौथी खुर्ची कुणाची?"

"ते सरप्राइज आहे."

"सरप्राइजनं माझे दोन सोबती गेलेत. कुणाची?"

अध्यक्षानं घाम पुसला. "तुमच्याच घरून फोन आला होता. बाईमाणसाचा आवाज. म्हणाली, घरातलं आणखी एक माणूस भरती होतंय, एक खुर्ची वाढवा, पण काकांना कळू देऊ नका."

"आणि तू वाढवलीस."

"पुष्पगुच्छही वाढवलाय," अध्यक्ष म्हणाला.

नात आली तशी त्यानं तिचा दंड धरला आणि तिला रंगमंचामागच्या खोलीत नेलं. जुने पडदे आणि मोडकी बाकं यांतून जेमतेम उभं राहण्यापुरती जागा होती.

"सही करून झाली का?"

"कसली सही?"

"तुझा बाप गेला, तेवढं पुरे. मी बूट घातलेले नाहीत, नीट बघून घे."

पोरीनं त्याच्या स्लिपरकडे बघितलं आणि तिला हसू आवरेना. "आजोबा, मला इंजेक्शन घेतानाही चक्कर येते. मी फौजेत?"

"मग धावतेस कशाला?"

ती लाल झाली. "मैदानावर कुणीतरी येतं धावायला."

"कोण?"

"तिथं नंतर खुपसा तुमची सळई."

"आणि बूट?"

"ते मी नाही सांगणार." ती दाराकडे बघत होती.

दारात सून उभी होती. अंगावर हॉस्पिटलचे कपडे, हातात कापडी पिशवी, पिशवीतून वर आलेली बुटांची टोकं. म्हाताऱ्यानं नातीचा दंड सोडला. धागा त्यानं बरोबर हेरला होता, माणूस चुकीचं धरलं होतं. या घरातून कोण जाईल याचा विचार करताना त्यानं फक्त रक्ताची माणसं मोजली होती.

"तू?"

"लष्करी हॉस्पिटलांत नर्स कमी पडतायत, बाबा. वयाची अट सैल केलीय. पुढच्या महिन्यात हजर व्हायचंय."

"घरी बोलायला काय झालं होतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणजे चारचौघांत बसवलं की म्हातारा गप्प बसेल."

"हो," सून म्हणाली. "तसंच वाटलं मला."

सकाळपासून त्याला मिळालेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं.

"कुठलं हॉस्पिटल?"

तिनं सांगितलं. तोच डोंगर, तोच रस्ता.

"मागून घेतलंस?"

"मागून घेतलं. त्या दिवशी वरच्या तळावर एकही नर्स नव्हती. असती तर ते वाचले असते, असं मी म्हणत नाही. पण नव्हती."

बाहेर अध्यक्ष माइकवर हॅलो हॅलो करत होता. म्हातारा मोडक्या बाकाला टेकला.

"आणि पोरगी?"

"तुमच्याजवळ. नाहीतर तुम्ही तिच्याजवळ, कसंही म्हणा."

"सकाळी माझ्याबरोबर धावायला या," नात म्हणाली.

"येणारच आहे. तो कोण ते बघायचंय मला."

त्यानं पिशवीतून बूट काढले. दोन्हींत बोटं घालून तळापर्यंत चाचपलं. शिवणीतला पांढरा धागा नखानं उपटून खिशात टाकला. लेस बघून त्याच्या कपाळाला आठी पडली. "ही गाठ जखमेच्या टाक्यांची आहे. बुटाला अशी बांधतात होय?" गाठ सोडून त्यानं बूट पायात चढवले, आपल्या पद्धतीनं लेस आवळली आणि स्लिपर सुनेच्या हातात दिल्या.

नाव पुकारलं तसे दोघं रंगमंचावर गेले. सून चौथ्या खुर्चीवर बसणार, तेवढ्यात त्यानं तिला हातानं थांबवलं. गुडघा टेकून तो खाली वाकला, खुर्चीखालून हात फिरवला, चारही पाय एकेक करून हलवून बघितले. सभागृहात खसखस पिकली. "काका," अध्यक्ष माइकवरून म्हणाला, "खुर्ची शाळेची आहे, शत्रूची नव्हे!"

त्यानं अध्यक्षाकडे बघितलंही नाही. एक पाय जरा डुगडुगत होता. त्यानं ती खुर्ची उचलून कडेला ठेवली, स्वतःची आणून तिथं मांडली, तिच्याखालीही हात फिरवला आणि गुडघा झटकत उठला.

"आता बस," तो सुनेला म्हणाला.