एक कुरमुरा

बोलता बोलता बाई पर्समधून प्लॅस्टिकची छोटी डबी काढत, तिच्यातला एक कुरमुरा समोरच्या मुलापुढे ठेवत आणि एकदम गप्प होत. मुलाची आई काही सांगू लागली की हात वर करून म्हणत, "थांबा. त्याच्या हाताकडे बघा."

तुम्हीही कधी तरी बघा. वर्ष-सव्वा वर्षाचं मूल एवढासा कण अंगठा आणि पहिलं बोट जुळवून उचलतं. काही मुलं पूर्ण पंजा टेकवून तो ओढत राहतात. काही कुरमुऱ्याकडे बघतच नाहीत. बाई यावरून रोगाचं नाव घेत नसत. "मी डॉक्टर नाही. पण आता कुणाला तरी दाखवायला हवं, एवढं मला कळतं," असं म्हणत आणि मुलाला, आईला आणि जमलं तर बापालाही घेऊन चालत आमच्याकडे येत.

नायगावच्या बीडीडी चाळीत तळमजल्याच्या एका खोलीत त्यांची बालवाडी होती. मी परळच्या एका ट्रस्टच्या केंद्रात नोंदणीच्या टेबलावर बसते. वाढ मागे पडलेल्या, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी आमच्याकडे वेगळा विभाग आहे. थेरपिस्ट दोन, खोली एक आणि यादी लांब. ती यादी मी ठेवते. निळ्या पेनाने नाव, हिरव्याने तारीख, लाल पेनाने रद्द. पूर्वी इथे आरडाओरडा चालायचा, ओळखीचे लोक मधे घुसायचे. ते मी बंद केलं. दोन फोन उचलले नाहीत आणि दिलेली तारीख चुकली, की नाव यादीच्या तळाला. हा नियम मीच केला आणि मला त्याचा अभिमान होता.

बाई आल्या की आधी "जय भीम, ताई" म्हणत आणि मग माझ्या वहीत डोकावत.

"किती पुढे सरकली?"

"चार नावं."

"महिन्यात चार? ताई, तुमच्या यादीत मुलं वाढतात हो. उपचाराशिवायच वाढतात."

मला राग यायचा, कारण हसू यायच्या आत ते खरं असल्याचं लक्षात यायचं.

ओवीला त्यांनी आणलं तेव्हा ती पावणेदोन वर्षांची होती. आधार दिला तर बसायची, नाही तर एका बाजूला कलंडायची. आई परळच्याच एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालायची, वडील कुरिअरचं काम करायचे. गाव कणकवलीकडचं. आमच्याकडे येण्याआधी ते पाच ठिकाणी हिंडले होते. एका डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. दादरच्या एका दवाखान्यात व्यायाम शिकवणारे होते, पण मोठ्यांचे खांदे-गुडघे सांभाळणारे. एके ठिकाणी कागद हवा होता, तो कागद दुसऱ्या इमारतीत मिळत होता, आणि त्या इमारतीतला माणूस रजेवर होता.

"बाकी चार ठिकाणी काय म्हणाले सांगू?" बाईंनी विचारलं. "म्हणाले, फार उशीर केलात. आणि लगेच म्हणाले, पुढच्या महिन्यात या."

ओवीची आई खाली बघत म्हणाली, "सासूबाई म्हणतात हिचे बाबापण उशिराच बोलायला लागले."

बाईंनी बापाकडे पाहिलं. तो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता. "अजून तरी कुठे बोलतायत?" बाई म्हणाल्या. तो बिचारा हसला आणि मग बोललाच. दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, व्यवसायोपचार म्हणजे काय? एवढ्याशा पोरीला कसला व्यवसाय?"

मी माहितीपत्रक काढेपर्यंत बाईंनी सांगूनही टाकलं. "हाताने खाणं, खेळणं, बटण लावणं. हाच तिचा धंदा, दादा. तो तिला जमत नाहीये. आत मॅडम आहेत, त्या खेळता खेळता शिकवतात. जितकं मूल लहान, तितकं लवकर वळतं."

मी निळ्या पेनाने नाव लिहिलं. एक्केचाळिसावं.

तिचा नंबर पुढच्या वर्षी लागला, ऑगस्ट संपता संपता. मी फोन केला, लागला नाही. दुपारी पुन्हा केला. आवाक्याबाहेर. तारीख ठरलेली होती, गणेश चतुर्थीनंतरचा तिसरा दिवस. तसा मेसेज पाठवला आणि वही मिटली. माझी बॅग टेबलाखाली तयार होती. मलाही संध्याकाळी कुडाळला निघायचं होतं. आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती असतो. रजा मी जूनमध्येच टाकली होती.

आता तुम्ही हसाल, पण त्या दिवशी मला खरोखर असं वाटलं होतं, की काय हे लोक, मुलासाठी फोनसुद्धा उचलत नाहीत.

परत आले तेव्हा त्या आठवड्यात आठ मुलं गैरहजर होती. आठही नावं मी लाल पेनाने कापून तळाला नेली. केंद्र नियमाने चालायला हवं.

विसर्जन झालं आणि बाई आल्या. त्या दिवशी जय भीम नाही, डबी नाही.

"ओवीचं नाव कुठे गेलं?"

"तारीख चुकली, बाई. फोन पण..."

"फोन कुठून लागणार? त्यांच्या वाडीत रेंजसाठी टेकडी चढावी लागते. गणपतीत नायगाव-लालबागची माणसं कुठे असतात, हे मी तुम्हाला सांगू? मी? माझ्या घरात गणपतीच बसत नाही, तरी मला ठाऊक आहे." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "आणि ताई, तुम्ही कुठे होतात?"

मी पेनांची टोपणं लावत बसले.

"वर घ्या तिला. मार्चमध्ये तीन पूर्ण होतील."

"एकीला वर घेतलं तर बाकीच्यांना काय सांगू?"

"सांगा, माझी चूक झाली. तीन शब्द आहेत."

माझं म्हणणं चूक नव्हतं. एकीसाठी नियम मोडला की उद्या ओळखीचे पुन्हा मधे घुसणार. पण आठही नावं परत वर घेता आली असती. ते सुचायला मला फार वेळ लागला असं नाही. त्याच दिवशी सुचलं होतं. पण कापलेलं पुन्हा लिहिलं तर वही खराब दिसली असती, आणि ट्रस्टींनी कारण विचारलं असतं.

त्यानंतर बाई दर गुरुवारी बालवाडी सुटली की येऊन थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसू लागल्या. दाराला काच आहे. आत मॅडम काय करतात ते काचेतून बघायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या. कणकेत मणी लपवायचे, कपड्यांचे चिमटे दाबायचे, मांडीवर कसं बसवायचं. मॅडम बाहेर आल्या की दोन मिनिटं गाठून शंका विचारायच्या. नियमात बसत नव्हतं. मी न बघितल्यासारखं केलं. माझ्याकडून झालेली मदत तेवढीच.

तळातून नाव वर येईपर्यंत ओवी तीन वर्षं आणि अकरा दिवसांची झाली. फॉर्मवर मी स्वतः शिक्का मारला: वयोमर्यादा ओलांडली. तीन वर्षांवरच्या मुलांसाठी दुसरी यादी होती. तिथे नाव घातलं. नव्वदावं.

बाई ओवीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी डबी काढली आणि एक कुरमुरा माझ्या उघड्या वहीवर ठेवला, त्या शिक्क्याच्या शेजारी. ओवीने बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग हात पुढे आला, हलला, चुकला, परत आला. अंगठा आणि पहिलं बोट. उचलला आणि तोंडात टाकला.

"एवढं मला काचेतून शिकता आलं," बाई म्हणाल्या. "पायांचं नाही आलं. ते तुमच्या मॅडमनाच येतं."

त्या वर्षी पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली. ओवीचं घर भाड्याच्या खोलीत विरारकडे कुठेतरी गेलं. बालवाडीची खोलीही गेली. बाई मुलाकडे बदलापूरला राहायला गेल्या आणि बाक रिकामा झाला.

आता आम्ही गणपतीत आणि शिमग्यात कोणालाच तारीख देत नाही. कॅलेंडरवर मी ते दिवस आधीच खोडून ठेवते. वार्षिक सभेत ट्रस्टींनी या सुधारणेचं कौतुक केलं. कल्पना कुणाची, असं विचारलं. मी उभी राहिले, नमस्कार केला आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या.

गेल्या महिन्यात दुसऱ्या यादीत ओवीचा नंबर लागला. आता ती साडेचार वर्षांची असेल. आईचा नंबर बंद, वडिलांचाही बंद. नवा पत्ता एकाच माणसाला ठाऊक असणार, म्हणून बाईंना फोन लावला. सुनेने घेतला. "आई दिवाळीनंतर गेल्या," ती म्हणाली. त्यांच्या वह्या होत्या का, विचारलं. होत्या, रद्दीत दिल्या.

दोन दिवस मी नाव तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी लाल पेन घेतलं, कारण खालीही एक मूलच होतं. त्या मुलाच्या आईला फोन लावला. तारीख सांगितली आणि आता सगळ्यांना विचारते तसं तिलाही विचारलं, "तेव्हा गावी जाणार नाही ना?"

"नाही हो मॅडम," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही बोलावलंत तर आम्ही गणपतीतसुद्धा इथेच थांबू."