उसाच्या कडेचा पाढा

मला गाता येत नाही, म्हणून मी पाढे म्हणते. सिन्नरकडच्या ज्या वस्तीवर माझी बालवाडी आहे, तिथे एसटीतून उतरल्यावर उसाच्या कडेने चालत जावं लागतं, आणि त्या उसात बिबट्या असतो. तिथून जाताना तोंड बंद ठेवायचं नाही, अशी तिथली रीत. कुणी मोबाइलवर गाणी लावतं, कुणी सोबतच्या माणसाशी भांडल्यासारखं बोलतं. माणसाचा आवाज आला की तो बाजूला होतो म्हणे. रोज सकाळी फाट्यावर आया पोरं माझ्या हवाली करतात आणि आमची वरात निघते. मी ‘बे दुणे’ म्हणायचं, पोरांनी ‘चार’ म्हणून ओरडायचं. रोज नाशिकहून येणारी मी त्या वरातीत सगळ्यांत घाबरट.

एकच मुलगी ओरडत नव्हती. चार वर्षांची. थंडीच्या सुरुवातीला तिच्या डोळ्यांदेखत बिबट्याने अंगणातली शेळी उचलून नेली आणि तिची वाचाच बसली. “बोल ना गं, लय गुणाची हाय तू,” असं म्हणत आई तिच्या अगदी हातापाया पडायची. मला वेगळीच धास्ती होती. ही पोर कधी एकटी उसाकडे गेली तर गुपचूप जाईल.

नाशिकच्या प्रशिक्षणात मॅडमनी मेंदूचं चित्र दाखवलं. धोका ओळखणारा भाग खडबडून जागा झाला की भाषेचं, आठवणीचं काम मागे पडतं. घाबरलेलं मूल हट्टी नसतं, त्याला खरंच सुचत नसतं. म्हणून मुलांना भीती दाखवू नका, असं त्या सांगत होत्या. मी विचारलं, “मॅडम, बिबट्या खराच असेल तर?”

सगळ्या हसल्या. मॅडम नाही हसल्या. म्हणाल्या, “मग कुणीतरी शांतपणे जवळ हवं. बोल बोल म्हणून मागे लागू नका. मुलाने नुसतं बघितलं तरी त्या बघण्याला उत्तर द्या.”

मी तसं करत राहिले. तिने चिमणीकडे पाहिलं की मी चिमणीबद्दल बोलायची. खरं सांगते, माझा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

एका दुपारी तिची आई न्यायला आली नाही, कांदे लावायला गेलेली. मी तिचा हात धरून निघाले. प्रश्नही माझा, उत्तरही माझंच. बे दुणे चार. बे त्रिक सहा. ‘बे पंचे’ म्हटलं आणि बाजूचा ऊस हलला. वारा अजिबात नव्हता.

बे पंचे किती, ते आठवेना. ओरडावं म्हटलं तर शब्दच नाही. पळायचं नाही, एवढंच कळत होतं. ऊस पुन्हा हलला, आता आणखी जवळ.

“धा.”

मी खाली पाहिलं. ती उसाकडे बघत होती. पुढचं मी म्हणायचं म्हणून ती थांबली.

“बाई, बोला ना,” ती म्हणाली.

“बे सक,” माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

“बारा,” ती उसाकडे तोंड करून ओरडली.