दाजी आणि तिसरी तार

कोल्हापूर जिल्ह्यात जेवढे म्हणून आवाज होतात, त्या सगळ्यांचा उगम शोधून काढण्याची जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे, अशी आमच्या दाजींची प्रामाणिक समजूत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. मूळचे नेसरीचे, पण सगळी नोकरी उद्यमनगरातल्या एका ऑइल इंजिनच्या कारखान्यात झाली. तयार झालेलं इंजिन सुरू करायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर इंजिनं सुटली, सवय सुटली नाही.

आवाज म्हटला की त्यांना कशाचं भान राहत नाही. मलकापूरला पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना दाजी मांडवातून नाहीसे झाले. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, फोटोसाठी काकांची शोधाशोध झाली, तेव्हा ते मांडवामागं जनरेटरशेजारी उकिडवे बसलेले सापडले. “ह्याचा एक बोल्ट ढिला हाय,” ते म्हणाले, “नवरी मांडवात आल्यापासनं ऐकतोय मी.” एकदा जयसिंगपूर स्टेशनवरून अक्काला घेऊन रिक्षानं येताना त्यांनी मध्येच रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. “पावणं, जरा बाजूला घ्या. मागचं बेरिंग रडतंय.” रिक्षावाला मान न वळवता म्हणाला, “तुम्ही बसल्यापासनंच रडाय लागलंय ते!” दुसरा कुणी रागावला असता. दाजी विचारात पडले, आणि त्यात तथ्य आहे का हे पाहायला खाली उतरून रिक्षाबरोबर पळू लागले. अक्का आत बसून पदरात तोंड लपवत होती. “आवाज येतोय म्हंजे कोण तरी कुणाला तरी नको तिथं शिवतंय,” असं दाजींचं म्हणणं. “कोण, एवढंच हुडकायचं.”

अशा माणसासमोर माझ्या मुलीनं, मुक्तानं, एका रविवारी आपली इलेक्ट्रिक गिटार काढली. जुनीच घेतलेली, लाल रंगाची. शनिवारी कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिला एकटीनं वाजवायचं होतं, आणि नेमक्या तिच्या तुकड्यात जी जागा सारखी येते, तिथंच तिसरी तार दाबली की सुराबरोबर ‘झर्र’ व्हायचं. दुकानदार म्हणाला होता, ठेवून जा, पंधरा दिवसांनी बघू. मुक्ता रडकुंडीला आली होती. आत्याच्या नवऱ्याला ती मामा म्हणते. “मामा, काय होतंय बघा की,” एवढं ती म्हणाली आणि दाजी पुढ्यातलं ताट सरकवून उठले.

आधी त्यांनी स्पीकरची वायर काढायला लावली. झर्र तशीच राहिली. म्हणजे दोष विजेचा नव्हता. मग त्यांनी आमच्या शोकेसच्या काचा, भिंतीवरचं घड्याळ आणि माझा चष्मा यांच्यावर संशय घेऊन ते सगळं खोलीबाहेर काढलं. झर्र राहिलीच. मग गिटारीची दांडी बंदुकीसारखी डोळ्याला लावून बघितली. दांडीच्या आत एक सळई असते, ती आवळली किंवा सैल केली की दांडीचा बाक बदलतो, असं मुक्तानं सांगितल्यावर त्यांचे डोळे लकाकले. “पाव फेरा. जास्त न्हाय.” पाव फेरा सैल केला, तार पुन्हा सुरात लावली, काही फरक नाही. परत आवळला. मुक्ता तार छेडायची, “आली?” म्हणून विचारायची, आणि दाजी डोळे मिटून म्हणायचे, “व्हय, आली की.”

मी समोरच बसलो होतो, म्हणून मला ते दिसलं. मुक्तानं एकदा बोटं तारेजवळ नेली, हात हलवला, पण ती तारेला शिवलीच नाहीत.

“आली?”

“व्हय, आली की,” दाजी म्हणाले.

दाजींनी डोळे उघडले, आधी तिच्या बोटांकडं आणि मग तिच्या तोंडाकडं बघितलं.

“वाजवलीच न्हाईस व्हय?”

“नाही, मामा.”

ते खुर्चीत टेकले. “जाड आवाज येत्यात अजून,” ते हळू म्हणाले. “बारीक गेले. चिमण्या गेल्या, दारावरची बेल गेली. इंजिनांजवळ जन्म काढला, त्यांनीच खाल्लं. आत्याला सांगू नको.”

“आत्याला ठाऊक असणार की.”

“असंल. पर मी सांगितलेलं न्हाय.”

मला वाटलं आता ते उठून जातील. पण झर्र कुठून येते हे कळायचं राहिलं होतं. दाजींनी गिटार मांडीवर घेतली, धोतराच्या सोग्यानं तिचं टोक पुसलं आणि खुंट्यांच्या वरचा तो लाकडी भाग चक्क दातांत धरला.

“अहो मामा!” मुक्ता किंचाळली.

“वागव,” असं काहीसं दाजी दातांआडून म्हणाले. ते ‘वाजव’ होतं. तिनं तार दाबून छेडली. दाजींचा चेहरा बघता बघता बदलला. खूप वर्षांनी भेटलेल्या माणसाला ओळखावं तसा. त्यांनी लाकूड सोडलं. “ही व्हय! हाडातनं आली बघ! ही तर पत्र्यागत वाजतीया!”

मग सगळं झपाझप झालं. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. बोटाखालची नव्हे, तर तिच्या पुढची पट्टी तारेला शिवत असणार, असं दाजींनी ठरवलं. माझं बँकेचं कार्ड मागून घेतलं, त्याची सरळ कड तीन पट्ट्यांवर एकदम टेकवली. कार्ड डुगडुगलं. मधली पट्टी एका अंगानं केसभर वर आली होती. तारा सैल करून बाजूला सारल्या, पट्टीवर सागवानाचा तुकडा ठेवला आणि हातोडीनं दाजींनी इतक्या हलक्या हातानं ठोकलं, की ते गिटारीला झोपवताहेत असं वाटावं. कार्ड डुगडुगायचं थांबलं. तारा लागल्या. दाजींनी पुन्हा दातांत धरून ऐकलं आणि मान डोलावली.

बुधवारी मुक्ताच त्यांना कानांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. अक्का बरोबर गेली. वाटेत कुणी कुणाला काही सांगितलं नाही. कानात घालायच्या यंत्रानं बोलणं नीट ऐकू येईल, पण गेलेलं सगळं परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र यायला वेळ होता.

शनिवारी दाजी माझ्याशेजारी पहिल्या रांगेत बसले होते. मुक्ता एकटी उभी राहून वाजवत होती आणि दाजी तिच्या डाव्या हाताकडं बघत होते. ती जागा आली, गेली, पुन्हा आली. सूर स्वच्छ होता. टाळ्या सुरू झाल्यावर ते माझ्याकडं झुकले.

“कसं लागलं?”

“छान लागलं, दाजी. गोड.”

“गोड म्हंजे कसं? नीट सांग की.”

आजवर मला कुणी आवाज असा विचारला नव्हता. मी शब्द शोधत शोधत सांगू लागलो. सूर कसा उठला, किती वेळ तरंगला, विरताना कसा बारीक होत गेला. टाळ्या थांबल्या, पुढचा कार्यक्रम सुरू झाला, मागच्यांनी आम्हाला गप्प बसायला सांगितलं. दाजी माझ्या ओठांकडं टक लावून बघत होते. “बारीक झाला,” ते म्हणाले, “आणि मग?”