खुराड्याचा तळ

नाशिकला सिव्हिलचा डिप्लोमा करून मी दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात परतले, तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि माझ्या अंगात अक्कल मावत नव्हती. त्याच वर्षी आईचे गुडघे धरले. डॉक्टरांनी उकिडवं बसायला बंदी केली.

आईच्या पंधरा-सोळा कोंबड्या होत्या. रोज सकाळी ती खुराड्यात रांगत शिरून मातीचा तळ खरवडायची. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक दिवस सांगून टाकलं, "दिवाळीपतुर इकून टाक सगळ्या. लय झालं कोंबड्यांचं कौतिक." त्या दिवसापासून संध्याकाळी कोंबड्यांना दाणे टाकताना आई उगाच रेंगाळायला लागली, आणि मला ते बघवेना.

म्हटलं, आपण इंजिनिअर कशाला झालो? माती उकरून मी तिथे सिमेंटचा कोबा केला. लेव्हल ट्यूब लावून उतार काढला, घोटून घोटून आरशासारखा गुळगुळीत केला, मागे पाणी जायला पाइपही बसवला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तेवढेही निघाले नाहीत. पाइपात पिसं अडकली, पाणी तुंबलं, कोंबड्या घसरून पडायला लागल्या. आणि धुवायला आईला पुन्हा रांगतच आत जावं लागलं. मी सगळ्याची मापं घेतली होती, फक्त आईचं घेतलं नव्हतं. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

आई मात्र हसली. "बाई, घाण पडती रातच्याला. मंग तिला खाली पडू दे की. कोंबडीच्या पायाखाली ठिवतीच कशाला?"

द्राक्षबागेतले जुने बांबू तिने माझ्याकडून चिरून घेतले. एक कोंबडी काखेत धरून तिचा पंजा दोन कामट्यांवर ठेवून बघितला. घाण खाली पडेल पण पाय अडकणार नाही, एवढी फट तिने नक्की केली. तेवढ्या अंतराने कामट्या ठोकून खुराड्याला जाळीचा तळ केला. त्या जाळीखाली पत्र्याचं मोठं ताट, खणासारखं ओढून काढता येणारं, आणि त्यात चुलीतली राख. सगळं खुराडं बागेतल्या लोखंडी अँगलवर उचललं, कोंबड्यांना चढायला फळी लावली. उंची किती, असं मी विचारलं तेव्हा ती सरळ उभी राहिली आणि हात कमरेवर ठेवून म्हणाली, "इथवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उभ्याउभ्या ताट ओढलं, कोंबडखत गुलाबाच्या वाफ्यात रिकामं केलं, राख भुरभुरवली. चहा उकळेपर्यंत काम झालं. पुढे साइटवर मोठमोठे साहेब पाहिले, पण माणसाच्या अंगाचं माप धरून काम सुरू करणारं त्यांच्यात कुणी भेटलं नाही. दिवाळी आली नि गेली, विकायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आई गेली त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. सकाळी उठून बघते, तर आप्पा ताट ओढत होते. आई चणीने ठेंगणी, आप्पा चांगले उंच. त्यामुळे ते पार वाकले होते, एक हात दुखऱ्या कमरेवर.

मी म्हटलं, "आप्पा, खुराड्याच्या पायांखाली दोन-दोन विटा सारते. दहा मिनिटांचं काम आहे."

"नको," ते म्हणाले. "तिच्या मापाचं हाय ते."

आणि राख टाकून त्यांनी ताट परत आत सारलं.