नाला वाचणारे नाना

भूशास्त्राचे नाना बोलताना माणसाकडे बघत नसत. नजर तुमच्या पायाखालच्या जमिनीवर. नवखा माणूस बिचारा आपल्या चपला तपासायचा. जळगावच्या कॉलेजात ते दगड शिकवायचे आणि मी रसायन. आमच्या प्रयोगशाळा समोरासमोर, त्यामुळे भांडण रोजचंच. आता नाना नाहीत, आणि भांडायला दुसरं कुणी मनासारखं भेटत नाही.

माझं म्हणणं एकच : करून दाखवा. एकदा नाही, दहादा दाखवा, मग मानतो. नाना मूळचे धुळ्याचे. रंगात आले की अहिराणीवर उतरायचे, 'बघ'चं 'दख' व्हायचं. "झालं ते झालं, भाऊ. ते परत कसं होई? मांगे काय राही गयं ते दख. फौजदार काय खून परत करी दखस का?" मी म्हणायचो, म्हणूनच निम्मे आरोपी सुटतात. मग नाना दिवसभर माझ्याशी बोलायचे नाहीत.

खरी जुंपली ती माझ्या घरावरून. अकरा वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढून आम्ही नशिराबादच्या रस्त्याला प्लॉट घेतला. भूमिपूजनाला नानांना बोलावलं, ही माझीच अक्कल. गुरुजी मंत्र म्हणताहेत, माझी बायको सुनंदा नवी साडी नेसून तबक घेऊन उभी, आणि नाना थेट खड्ड्यात! हातात दोन गुळगुळीत गोटे. "थांबा! इथून नाला वाहायचा. हे बघा, पाण्यानं घासलेले गोटे. इथं घर बांधू नका."

गुरुजींनी घसा खाकरला. "नाना, ते पूजेचे आहेत. मीच आणलेत, तापीवरून."

असा हशा पिकला म्हणता! सुनंदाच्या डोळ्यांत मात्र पाणी. "चांगल्या कामात अपशकुन केलात," एवढंच ती म्हणाली. दुसरा कुणी मान खाली घालून पेढा खाऊन सटकला असता. नानांनी गोटे गुरुजींना परत दिले, हात जोडले. "पुरावा बाहेरचा निघाला. बरं झालं, आत्ताच कळलं," म्हणाले आणि पूजा आटोपताच कुदळ मागून खड्डा कमरेइतका खोल केला. तळाशी खरंच दोन-चार गोटे लागले.

मी म्हटलं, हात्तिच्या, प्रयोग करू! दहा बादल्या पाणी खड्ड्यात ओतलं. तासाभरात सगळं मुरलं. "बघा!"

"काय बघू? तुझ्या दहा बादल्या मुरतात, एवढंच कळलं. नाला परत आनी दखाडू का तुले?" मग शांत होऊन म्हणाले, "नाला खरंच असेल, तर शेजारच्या विहिरीतही कमरेइतक्या खोलीवर गोट्यांचा थर पाहिजे, आणि वाहत्या पाण्यानं रेटून सगळे गोटे एकाच बाजूला कललेले पाहिजेत. नसतील तर मी हरलो."

आम्ही विहिरीत वाकलो. काळ्या मातीखाली गोट्यांचा थर, एकमेकांवर रेललेला, सगळा एकाच बाजूला. त्या विहिरीत काही गुरुजी उतरले नव्हते.

प्लॉट सोडवेना, म्हणून जोतं उंच घेतलं. सहा पायऱ्या! सुनंदा गुडघे धरून चढायची आणि पायरीगणिक नानांचा उद्धार करायची. त्यांच्याशी बोलणं तर तिनं टाकलंच. नाना निवृत्त होऊन धुळ्याला गेले, तरी दर पावसाळ्यात माझ्याकडे फोन ठरलेला. "पाणी आलं का?" "नाही." "छान!" सात पावसाळे असेच गेले. मी चिडवायचो, "नाना, तुमचा नाला वाट चुकला वाटतं." ते म्हणायचे, "मी खोटा पडू दे रे. माझं काय जातं?"

आठव्या वर्षी, भर दुपारी, नाला आला. आधी फाटक गेलं, मग स्कूटर आडवी झाली. समोरच्या घरातली माणसं गच्चीवर चढली. आमच्याकडे पाणी एकेक पायरी चढत चौथीवर थांबलं. मी खिडकीत आ वासून उभा, तोवर सुनंदानं फोन लावलेला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"नाना, पाणी चौथ्या पायरीवर आहे. पोरं आत कॅरम खेळताहेत. सगळे कोरडे आहोत. माझं चुकलं, नाना."

मला वाटलं, आता थरांवर व्याख्यान सुरू होणार. पण सुनंदानं फोन हळूच माझ्या कानाला लावला. नाना रडत होते.